घणसोलीतला हीटर

१४ जून १९८७, रविवार

घणसोलीत गाडीला हीटर कशाला? आज सकाळी बाबांनी हा प्रश्न मला विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही फिजिक्स घेऊन. उत्तर येत नाही असं या घरात मी कधी म्हणत नाही. थंड देशातली गाडी आहे ना, एवढंच मी म्हणाले. त्यावर बाबा म्हणाले, थंड देशातली हाय ते मलापन दिसतंय, इथं कोनाला थंडी वाजते?

पण हीटरचा पंखा का हवा, याचं उत्तर मला चांगलं येतं. पावसाळ्यात काचा वर करून माणसं आत बसली की श्वासाच्या वाफेने पुढची काच आतून पांढरी होते. हीटरच्या डब्यातला छोटा पंखा त्या काचेवर वारा मारतो आणि काच साफ होते. हीटर बंद ठेवला तरी पंखा चालतो. आमचा चालत नाही.

काल बेलापूर रोडवरच्या एका कारखान्याचे प्रधानसाहेब गाडी बघायला आले होते. त्यांच्याकडे परदेशी इंजिनिअर येणार आहे, त्याला दर आठवड्याला घाटातून पुण्याला नेऊन आणायला वर्षभर गाडी हवी आहे. चालवणार नामदेवकाका. साहेबांना घेऊन एक चक्कर मारली, बारीक पाऊस होता, काचा वर होत्या. शेजारच्या रबाळे गावाच्या आधीच काच अशी पांढरी झाली की काकांना खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवावी लागली. साहेब उतरले तेव्हा हसत होते, पण बोलले ते स्पष्ट. घाटात हे चालणार नाही. एक जुलैला सकाळी दहाला परत येतो. पंखा चालला तर गाडी घेतो, नाहीतर दुसरीकडे बघतो.

सिडकोने जमीन घेतल्यापासून बाबा रोज पहाटे उठतात, धोतर नेसून तयार होतात आणि ओट्यावर बसतात. जमिनीचे जे पैसे आले ते सगळे या गाडीत आहेत.

काका म्हणाले, कळंबोलीला ट्रकवाल्यांचा एक इलेक्ट्रिशियन हाय, दिलीप, त्याच्याकडं नेतो. मी म्हटलं, काही गरज नाही, पंखा म्हणजे एक मोटर, एक स्विच, एक फ्यूज आणि थोडी वायर. बाबा माझ्याकडे रिझल्टच्या दिवशी बघितलं होतं तसं बघत राहिले आणि काकांना म्हणाले, घरात बीएस्सी असताना कळंबोली कशाला?

संकल्प: एका दिवसात काम संपवणे. उरलेल्या पंधरा दिवसांत गावातल्या बायकांसाठी विज्ञानाचा वर्ग सुरू करणे.

१५ जून, सोमवार

आज गाडीला हात लावला नाही. आधी निदान, मग दुरुस्ती. दिवसभर बसून सर्किटचा नकाशा काढला. सुंदर आला आहे. गाडीशी जुळतो का ते उद्या बघेन.

संध्याकाळी काका आले, गाडीत बसले, स्विच चालू केला आणि डॅशबोर्डवर हाताने एक थापट मारली. पंखा फिरला! पाचसहा फेऱ्या, मग बंद. काका म्हणाले, बघ, असं करायचं. मी शांतपणे समजावलं की यंत्र म्हणजे म्हैस नाही. काका म्हणाले, म्हशीला मी कधी मारलं नाय. मुद्दा त्यांच्या लक्षात आला नाही. एका कागदावर "डॅशबोर्डला हात मारू नये" असं मोठ्या अक्षरात लिहून काचेला चिकटवलं. काकांनी वाचलं आणि विचारलं, पाय चालेल का?

अशा वातावरणात विज्ञान रुजायला वेळ लागणारच.

१६ जून, मंगळवार

फ्यूज चार आहेत. कुठला कशाचा ते लिहिलेलं नाही, हा बनवणाऱ्यांचा निष्काळजीपणा. चारही काढून तपासले, चारही चांगले निघाले. मागच्या वायरीही सोडवून पुसल्या आणि परत लावल्या.

आता वायपर चालू केला की हॉर्न वाजतो.

हे वाईट लक्षण नाही. वीज सगळीकडे पोचते आहे, एवढं यातून सिद्ध झालं.

१७ जून, बुधवार

शेजारच्या यशोदाबाई सकाळी विचारायला आल्या की काल तिन्हीसांजेला कोणाची वरात आली होती? मी वायपरचा प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, मग पाऊस आल्यावर पूर्ण रस्ताभर वाजनार काय गो? आईने त्यांना चहा दिला. मला वाटतं विषय बदलण्यासाठी.

हॉर्नची वायर सध्या सोडवून ठेवली आहे. हॉर्न आपल्या विषयात येत नाही.

१९ जून, शुक्रवार

काल लिहिलं नाही. काल बॅटरी संपली. टेस्टिंगसाठी मी छोटा बल्ब लावला होता आणि तो स्वयंपाकघरातून दिसावा म्हणून हेडलाइटही चालू ठेवले होते. जेवण लांबलं. सहा जणांनी गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेली, त्यांत बाबा होते. बाबांच्या धोतराला चिखल लागला. ते तसेच ओट्यावर जाऊन बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

बॅटरी चार्ज होऊन आली आहे. दिवस वाया गेला असं मी मानत नाही, कारण बॅटरी चांगली आहे की नाही हेही तपासायचं होतंच.

२० जून, शनिवार

डॅशबोर्ड उघडला. बावीस स्क्रू निघाले. मापाप्रमाणे वेगळे ठेवायला आईचा मिसळणाचा डबा घेतला, त्यात सात वाट्या असतात, फारच सोयीचा. आईने तिचं मिसळण सात कागदांच्या पुड्यांत बांधलं आणि दुपारी बोंबलाच्या कालवणात हळदीऐवजी धण्याची पूड गेली. बाबांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, पंखा कवा होईल? मी म्हटलं, उद्या.

"उद्या" म्हणायला नको होतं. "लवकरच" म्हणायला हवं होतं. यापुढे "लवकरच".

२१ जून, रविवार

हा दिवस माझ्या आयुष्यात महत्त्वाचा ठरेल.

काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे, एक जाळी आहे. बाहेरची हवा तिथून हीटरच्या डब्यात येते आणि पंखा ती पुढे ढकलतो. आज जाळी काढली आणि आत टॉर्च मारला. आत हिरवं होतं. आधी वाटलं शेवाळ. हात घातला तर पाती लागली.

हीटरमध्ये भात उगवला आहे.

मी एवढ्या जोरात ओरडले की आई चुलीवरचं टाकून आली. तिने वाकून बघितलं आणि ती तिथेच खाली बसली. मग सगळं बाहेर आलं. अक्षयतृतीयेला गाडी घरी आली तेव्हापासून ती दर सोमवारी नारळ, फुलं आणि मूठभर अक्षता घेऊन गाडीची पूजा करते. अक्षता म्हणून तिने तांदूळ घेतलाच नव्हता. शेत गेलं त्या वर्षीचा शेवटचा भात तिने एका मडक्यात ठेवला होता, तुसासकट. तो टाकत होती. मी विचारलं, अगं तुसासकट कशाला? आई म्हणाली, तांदूळ मेलेला असतो गो.

डब्यात झाडाचा पाला कुजून माती झाली होती, वरून पाऊस. बाकी सगळं बियाण्याने केलं.

बाबा आले. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी एक पातं मोजलं आणि म्हणाले, दहा दिवसांचं रोप हाय, आपलंच. नंतर ते दोघं अर्धा तास बॉनेटपाशी उभे होते. मला मध्ये पाना घेऊन जायचं होतं, पण गेले नाही.

मग मी म्हटलं की हे आता काढू. आई म्हणाली, उगवलेलं असं उपटायचं नाय, लावनीला आलं की काढायचं. बाबांनी हिशोब केला, अजून दहाबारा दिवस. म्हणजे प्रधानसाहेब येऊन जातील, गाडी दुसऱ्याची होईल आणि आमच्याकडे हीटरएवढं शेत उरेल. हे मी बोलले. बोलायला नको होतं. बाबा तिथून निघून ओट्यावर जाऊन बसले.

शेवटी तोडगा माझाच. मातीसकट लादी उचलायची आणि घमेल्यात ठेवायची. आई तयार झाली, पण मी हात लावायचा नाही या अटीवर, माझ्या हातांना रॉकेलचा वास येतो म्हणून. तिने उलथन्याने सगळी लादी एका दमात अशी उचलली की एकही मूळ तुटलं नाही. सतरा रोपं. घमेलं मागच्या दारी ठेवलं आहे.

आता रोगाचं कारण सापडलं यात शंका नाही. मातीमुळे पंख्याची वाट अडली होती. उद्या फक्त स्विच दाबायचा.

२२ जून, सोमवार

स्विच दाबला.

नाही.

२३ जून, मंगळवार

काका सकाळी चहाला आले. म्हणाले, ग्रॅज्युएट, भात काढून झाला, आता गवार लावायची का? मग हळू आवाजात म्हणाले, बाय, मी सांगतो ते ऐक, गाडी माझ्याकडं दे, दोन तासांत कळंबोलीहून येतो. मी म्हटलं, काका, प्रश्न पंख्याचा नाही, तत्त्वाचा आहे. ते म्हणाले, प्रश्न देवजीचा हाय. देवजी म्हणजे बाबा.

काकांना मी मान देते. पण त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत.

२४ जून, बुधवार

मोटर पंख्याच्या पात्यांसकट बाहेर काढली. हात खरचटले. मोटर लहान आहे, नारळाच्या करवंटीएवढी. चारी बाजूंनी बंद. ती उघडायचा विचार केला नाही, कारण बनवणाऱ्यांनी बंद केली ती काही विचार करूनच असणार.

बॅटरीला थेट जोडली. फिरली नाही. उचलताना हातातून निसटली आणि फरशीवर आपटली. आणि फिरली! चांगली चारपाच सेकंद, जोरात, सगळ्या ओटीवर केरकचरा उडवत.

यावरून निष्कर्ष: मोटर चांगली आहे. दोष वायरिंगमध्ये. जी मोटर फिरते ती बिघडलेली कशी असेल?

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी ठाम हाती लागलं.

२५ जून, गुरुवार

सगळं वायरिंग बदलायला घेतलं. जुनी वायर काढली. बऱ्याच वायरी एकाच रंगाच्या आहेत, तपकिरी. नव्या वायरीत काळी मिळाली, काळी टेपही मिळाली. सगळीकडे काळी लावली. एकच रंग असला की नीटनेटकं दिसतं.

बाबांनी दुपारी गाडीच्या आत डोकावून बघितलं. वायरींचा ढीग बघून त्यांनी फक्त विचारलं, हे सगळं परत आत जानार ना? मी म्हटलं, लवकरच.

२६ जून, शुक्रवार

आज चिडले. कोणावर ते नीट सांगता येत नाही. आई म्हणाली, जेवायला ये, मी म्हटलं, विज्ञानाला जेवण नसतं. नंतर जेवले. आईने न विचारता दोन वेळा वाढलं, याचा मला जास्त राग आला.

वायपर चालतो. हॉर्न चालत नाही. पंखा चालत नाही. उजवा इंडिकेटर लावला की डावा लागतो. एकूण चारपैकी एक, म्हणजे पंचवीस टक्के. कॉलेजमध्ये पस्तीसला पास असतं.

२८ जून, रविवार, सकाळी अकरा

सगळं जोडलं. सहा स्क्रू उरले. यंत्रात काही स्क्रू सुरक्षेसाठी जास्तीचे घालतात, असं मला वाटतं.

काका नाहीत हे बघून बॉनेट जोरात लावलं आणि पंखा सुरू झाला. चक्क सुरू झाला. मी आईला, यशोदाबाईंना आणि बाबांना बोलावलं. काचेखालच्या फटीपाशी अगरबत्ती धरली, धूर सरळ फटीत गेला. सगळ्यांनी बघितलं. मी समजावून सांगितलं की धूर हलतो म्हणजे हवा हलते, हवा हलते म्हणजे पंखा चालतो. यशोदाबाई म्हणाल्या, पन वारा बाहेर याया पायजे ना गो? ह्यो तर आत ओढतो.

दुपारी दोन

यशोदाबाईंचं म्हणणं बरोबर निघालं. मोटरच्या दोन वायरी उलट लागल्या होत्या, पंखा उलटा फिरत होता. काच साफ होण्याऐवजी घामेजली. हे अपयश नाही, चूक कुठे ते पाच मिनिटांत कळलं. वायरी बदलल्या.

दुपारी तीन

पंखा बंद पडला.

दुपारी चार

बंदच आहे. बॉनेट सात वेळा लावलं.

२९ जून, सोमवार

आईने गाडीची पूजा केली. या वेळी तांदूळ वापरला, तोही चिमूटभर, आणि जाळीवर फडकं टाकून. मला विचारलं, चालेल ना? असं कोणी मला इतक्या दिवसांत विचारलं नव्हतं. मला रडू आलं असं काही नाही. धूर गेला होता डोळ्यांत.

बाबांनी आज प्रधानसाहेबांसाठी नवी खुर्ची उसनी आणली आहे. परवा दहाला ते बसतील म्हणून.

३० जून, मंगळवार

सकाळभर काम. काही नाही. दुपारी डोकं दुखलं म्हणून आडवी झाले आणि चांगली तीन तास झोपले. उठले तेव्हा गाडी जागेवर नव्हती. आई म्हणाली, काका पेट्रोल भराया गेलेत. तीन तास पेट्रोल? आई म्हणाली, गर्दी असंल. बाबा ओट्यावर होते, ते खाली बघत होते.

साडेपाचला काका आले. मी म्हटलं, शेवटचा प्रयत्न करते. डॅशबोर्डखाली हात घालून एक वायर जराशी हलवली. स्विच दाबला.

पंखा सुरू! थांबला नाही! हळूही चालतो, जोरातही चालतो. हॉर्न वाजतो. इंडिकेटर आपापल्या बाजूला लागतात. सगळं त्या एका वायरीमुळे होतं आणि मी ती नेमकी ओळखली.

काका म्हणाले, वा, कमाल हाय तुझी. आईने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. बाबा आत जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन परत पाणी प्यायले.

शेवटी पद्धतीचाच विजय होतो. हे वाक्य वर्गातल्या बायकांसाठी ठेवते.

१ जुलै, बुधवार

प्रधानसाहेब बरोब्बर दहाला आले. खुर्चीवर बसले नाहीत, थेट गाडीत बसले. आणि पाऊसच नाही! ऊन पडलेलं. काच पांढरी होणार कशी, आणि पंख्याने साफ करायचं काय? बाबांनी डोकं लढवलं. आईने चहाची मोठी किटली उकळून आणली, झाकण काढून गाडीत पुढे ठेवली आणि सगळ्या काचा वर केल्या. साहेब, काका, मागे मी आणि बाबा. दोन मिनिटांत घाम आणि काच दोन्ही तयार. काकांनी स्विच दाबला. काचेवर खालून एक पारदर्शक अर्धगोल चढत गेला, जसा पापड फुगतो तसा, आणि समोर रस्ता दिसला, रस्त्यावर यशोदाबाई दिसल्या. साहेब म्हणाले, शाबास. मग चहा प्यायले.

बाबांनी साहेबांना सांगितलं, पोरीनं केलं सगळं, बीएस्सी हाय. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. घाटात बिघडली तर पुढे काय, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, घरातच माणूस हाय ना. साहेबांनी करारात एक ओळ वाढवली, गाडीची देखभाल मालकाच्या घरी, जबाबदार व्यक्ती कु. जयमाला देवजी पाटील. मी सही केली. ठसठशीत.

गाडी सोमवारी सकाळी सहाला पुण्याला निघणार. बाबांनी संध्याकाळी धोतर बदललं नाही. धुतलेलंच नेसून ओट्यावर बसले, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण थांबून बोलत होता.

२ जुलै, गुरुवार

वर्गासाठी "घरच्या घरी यंत्रदुरुस्ती" असा छोटा लेख लिहायला घेतला. आकृती काढायला डॅशबोर्डखालचं झाकण उघडलं.

आत लाल टेप आहे.

माझी टेप काळी. घरात लाल टेप नाही. वायरी परत तपकिरी झाल्या आहेत, मी कोपऱ्यात फेकलेल्या जुन्याच. झाकणाचे स्क्रू मोजले. पूर्ण आहेत. माझे उरलेले सहा अजून मिसळणाच्या डब्यात आहेत, आत्ताच बघून आले.

काका आले तेव्हा मी विचारलं. काकांनी आधी कौलांकडे बघितलं. मग सांगितलं. परवा गाडी कळंबोलीला नेली होती. दिलीपने विचारलं, थापट मारल्यावर फिरतो का? काका म्हणाले, हो. दिलीप म्हणाला, मग कार्बन गेला, त्यात एवढं काय. मोटरच्या आत कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात, तेच फिरणाऱ्या भागाला वीज देतात. झिजले की टेकत नाहीत, धक्का लागला की टेकतात. दहा मिनिटांत बदलले. मग तीन तास कशाला लागले, मी विचारलं. काका म्हणाले, तू लावलेल्या वायरी काढायला.

बाबांना माहीत होतं. आईला माहीत होतं. मी उठू नये म्हणून आईने दुपारी पाटा-वरवंटा बाहेर नेऊन वाटण केलं होतं. यशोदाबाईंनाही माहीत होतं.

३ जुलै, शुक्रवार

माझी बाजू लिहून ठेवते.

तत्त्वतः निदान माझंच होतं, की दोष विजेचा आहे. कार्बन विजेच्याच मार्गात येतो. मोटर उघडली असती तर मलाही सापडला असता. उघडली नाही हा फक्त तपशील. शिवाय भात मी काढला नसता तर...

भात आईने काढला.

बाबांना म्हटलं, तुम्ही साहेबांना खोटं सांगितलं. बाबा म्हणाले, पंखा फिरतो ना? मी म्हटलं, मी फिरवला नाही. बाबा म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मी म्हटलं, मी रडत नाही. आणि मागच्या दारी जाऊन बराच वेळ बसले.

तिथे एक गोष्ट सुचली आणि मग दुसरं काही सुचेना. सोमवारी सकाळी सहाला गाडी निघेल आणि घाटात जाईल. काहीही बिघडलं तर करारावर सही माझी आहे. मला ओहमचा नियम येतो, तो मांडताही येतो, सिद्धही करता येतो. पण गाडी उभी राहिली तर साहेब दुसरी बघतील, आणि बाबा परत पहाटे उठून नुसते ओट्यावर बसतील.

४ जुलै, शनिवार, संध्याकाळ

सकाळच्या बसने कळंबोलीला गेले. एकटी.

ट्रकच्या रांगांमध्ये पत्र्याची शेड आहे. दिलीप बारीक अंगाचा, चष्मा लावणारा, वयाने बाबांपेक्षा थोडा लहान. मी दिलीपभाऊ म्हटलं. त्यांना सांगितलं की मी देवजी पाटलांची मुलगी. ते म्हणाले, काळ्या वायरवाली? मी हो म्हटलं.

जुना कार्बन दाखवा म्हटलं. त्यांनी कचऱ्याच्या पत्र्याच्या डब्यातून शोधून दिला. नखाएवढाही उरला नव्हता. मी विचारलं, मला शिकवाल का? ते म्हणाले, काय येतं? मी ओहमच्या नियमापासून सुरुवात केली. त्यांनी मध्ये न तोडता सगळं ऐकलं. चांगलं हाय, म्हणाले. मग विचारलं, सोल्डरिंग येतं? नाही. टायर खोलता येतो? नाही. ते म्हणाले, शिकवतो. पण पहिले पंधरा दिवस नुसतं बघायचं. हात लावायचा नाय.

ऑइलच्या डब्यावर दोन तास बसले. कशालाही हात लावला नाही. एक ट्रकवाला येऊन म्हणाला, ही कोन? दिलीपभाऊ म्हणाले, नवीन पोरगी हाय, अजून काय येत नाय तिला.

येताना कारखान्याच्या गेटवर उतरले. प्रधानसाहेबांना आत चिठ्ठी पाठवली, ते स्वतःच बाहेर आले. मी उभ्या उभ्या सांगितलं की पंखा मी नाही, कळंबोलीच्या दिलीप यांनी दुरुस्त केला. सोमवारपासून त्यांच्याकडे शिकायला जाणार आहे, तोपर्यंत काही बिघडलं तर तेच बघतील, त्यांना तसं विचारून आले आहे. करार मोडायचा असेल तर मोडा.

कळंबोलीपासून गेटपर्यंत हे सगळं मी अकरा वेळा म्हणून बघितलं होतं.

साहेबांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि म्हणाले, बरं. गाडी सहाला पाठवा, सव्वासहाला नको.

एवढंच.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, रोज कळंबोलीला? लोक काय म्हनतील, बीएस्सी झाली आनि ट्रकवाल्यांत बसते? मी पिशवी उघडली. बसचा पास त्यांच्यासमोर ठेवला. घणसोली ते कळंबोली, एक महिन्याचा, फोटो चिकटवलेला, आजच्या तारखेचा शिक्का मारलेला.